बंदर पाहावे व्यापाऱ्याच्या नजरेने

पेण आणि रोहे येथील आपल्या व्यापारी कुटुंबांत सहलीचा विषय निघाला की तीर्थयात्रा आणि थंड हवेची ठिकाणे यांच्या बरोबरीने आता क्रूझचेही नाव निघते. आई-वडिलांच्या विवाहाचा सुवर्णमहोत्सव असो किंवा मुलांच्या परीक्षांनंतरची सुट्टी असो, सात रात्री, पाच बंदरे आणि जैन भोजनाची सोय अशी जाहिरात समोर येते आणि घरात खर्चाचा हिशेब मांडला जातो. या सहलीत वावगे काहीच नाही. वडीलधाऱ्यांची रोज सामान बांधण्या-सोडण्यातून सुटका होते, तीन पिढ्या एका छताखाली राहतात आणि सकाळी जाग येते तेव्हा नवे शहर समोर उभे असते. प्रश्न त्यापुढचा आहे. त्या शहरात उतरल्यावर पाहावयाचे काय?

मार्गदर्शक संगमरवरी खांब दाखवतो, प्राचीन रंगमंडल दाखवतो, सम्राटाचे नाव आणि साल सांगतो. छायाचित्रे निघतात आणि मंडळी दुपारच्या भोजनाला जहाजावर परततात. परंतु बंदर राजाने बांधलेले असले, तरी ते जगवलेले असते व्यापाऱ्याने. म्हणून पेढीवर बसणाऱ्या माणसाने आपले तीन प्रश्न सोबत न्यावेत. येथे कोणता माल उतरत होता आणि कोणता चढत होता? परक्या माणसाला येथे कोणाच्या शब्दावर उधारी मिळत होती? आणि एवढे भरभराटीचे बंदर बंद का पडले? हे तीन प्रश्न मनात असले की पडक्या भिंती आपल्याशी आपल्याच भाषेत बोलू लागतात.

भूमध्य समुद्रातील सफरीचे उदाहरण घेऊ. रोमसाठी जहाज चिवितावेक्किया या बंदरात थांबते. तेथून बहुतेक प्रवासी थेट रोममध्ये कलोसियम पाहावयास जातात. रोमचे जुने बंदर ऑस्तिया मात्र टायबर नदीच्या मुखाशी होते. तेथे व्यापाऱ्यांचा एक चौक उत्खननात सापडला असून त्याच्या भोवती साठेक गाळे आहेत. प्रत्येक गाळ्यासमोर जमिनीवर बारीक खड्यांची चित्रे बसवलेली आहेत. कोठे जहाज, कोठे दीपस्तंभ, कोठे हत्ती, कोठे धान्याचे माप. कोणत्या गावचा व्यापारी आणि कोणता माल, हे निरक्षर खलाशालाही कळावे अशी ती दुकानाची पाटीच. आपल्या बाजारपेठेत वाढलेल्या माणसाला तेथे परकेपणा वाटण्याचे कारण नाही. आज ते ऑस्तिया समुद्रापासून सुमारे तीन किलोमीटर आत आहे. नदीने आणलेल्या गाळाने किनारा पुढे सरकला आणि बंदर मागे राहिले.

तुर्कस्तानातील इफेससची कथा याहून बोलकी आहे. क्रूझ जहाज कुशादासी येथे लागते आणि तेथून बसने इफेससला जातात. प्राचीन काळी समुद्र या नगरीच्या पायऱ्यांशी होता, आज तो कित्येक किलोमीटर दूर आहे. स्ट्राबो हा ग्रीक भूगोलकार सांगतो की, बंदर खोल व्हावे म्हणून राजा अत्तालसच्या स्थापत्यकारांनी बंदराचे तोंड बांध घालून अरुंद केले. प्रवाह जोरात वाहील आणि गाळ वाहून नेईल, अशी त्यांची कल्पना होती. घडले उलट. समुद्राची भरती-ओहोटी पूर्वी थोडा तरी गाळ बाहेर ओढून नेत असे, तीही वाट बंद झाली आणि गाळ आतच साचू लागला. पुढे रोमन सम्राटांनीही गाळ काढण्याचे प्रयत्न केले, पण नदीपुढे कोणाचे चालले नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे उधारीचे उत्तर एका जीर्ण कागदावर मिळते. व्हिएन्ना येथील ऑस्ट्रियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील एक पपायरस जपून ठेवला आहे. केरळातील मुझिरिस बंदराशी होणाऱ्या व्यापारासाठी दिलेल्या कर्जाचा तो करार आहे. माल लाल समुद्रात उतरल्यावर वाळवंटातून नाईल नदीपर्यंत कसा न्यावयाचा, अलेक्झांड्रियाच्या सरकारी वखारीत कोणाच्या मोहोरेखाली ठेवावयाचा, चौथाई म्हणजे २५ टक्के जकात कशी भरावयाची आणि कर्ज न फिटल्यास सावकाराचे हक्क कोणते, हे सारे त्यात आहे. मागील बाजूस हर्मापोलोन नावाच्या जहाजावरील मालाचा हिशेब असून त्यात गंगेच्या खोऱ्यातील जटामांसी आहे, हस्तिदंतही आहे. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत दंतवाणिज्याचा समावेश का झाला असावा, याचा उलगडा अशा यादीपाशी होतो. तो व्यापार मोठा होता, नफ्याचा होता आणि त्याच्या मुळाशी हिंसा होती. नफा दिसत असतानाही काही माल आपल्या वहीत येऊ द्यावयाचा नाही, हा निर्णय त्या काळीही सोपा नव्हता.

इजिप्तच्या लाल समुद्रकिनारी बेरेनिके या बंदरातील उत्खननात भारतीय मिऱ्यांनी भरलेला एक मोठा रांजण मिळाला. त्यात साडेसात किलो मिरी होती. त्या मिऱ्यांच्या प्रवासाचे एक टोक परदेशी भूमीत आहे. अशा सागरी व्यापाराची दुसरी टोके भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर होती आणि त्यांतील एक टोक रोह्याच्या कुंडलिका नदीने थेट गाठता येते.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक नाविकाने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी वाटाड्या ग्रंथात सोपारा, कल्याण आणि त्यानंतर सेमिल्ला अशी बंदरे क्रमाने येतात. हे सेमिल्ला म्हणजे आपले चौल. कान्हेरीच्या दानलेखांत त्याचे नाव चेमुल असे येते. अरब लेखकांनी त्यालाच सैमूर म्हटले. सन ९१६ च्या सुमारास अल-मसूदी हा प्रवासी येथे आला, तेव्हा ओमान, बसरा, सिराफ आणि बगदाद येथील व्यापारी चौलमध्ये घरे करून राहिले होते. त्यांचे आपसांतील तंटे सोडवण्यासाठी त्यांच्यातीलच एक प्रमुख येथील राजाच्या मान्यतेने नेमलेला असे. परक्या व्यापाऱ्याला बंदरात राहावेसे का वाटते, याचे उत्तर या एका व्यवस्थेत आहे. सन १४६९ मध्ये अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी विकण्यासाठी एक घोडा घेऊन चौलला उतरला आणि घाट चढून जुन्नरला गेला. त्याचे स्मारक आज रेवदंड्यात आहे.

पुढे पोर्तुगीज आले. कुंडलिकेच्या मुखाशी उत्तरेस रेवदंड्याचा कोट आणि दक्षिणेस कोर्लईचा किल्ला उभा राहिला. सन १७४० मध्ये हा प्रदेश मराठ्यांच्या ताब्यात आला. रेवदंड्याच्या कोटात आज नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत, त्यांतून सातखणी मनोरा वर डोकावतो. कोर्लई गावातील काही घरांत पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून घडलेली बोली अजून बोलली जाते. बंदर गेले, व्यापार गेला, कोटाची तटबंदी ढासळली, परंतु देवघेवीतून जन्मलेली भाषा टिकून राहिली.

रोह्याहून तळ्याच्या वाटेने गेल्यास मांदाडजवळ राजपुरीच्या खाडीच्या टोकाशी कुडा लेणी आहेत. लेणी बौद्ध आहेत, परंतु त्यांतील दानलेख वाचताना आपल्याच बाजारपेठेत आल्यासारखे वाटते. दाते कोण होते? श्रेष्ठी, सार्थवाहाच्या घरची स्त्री, माळी आणि कऱ्हाडचा एक लोखंडाचा व्यापारी. घाटावरचा लोखंडवाला खाडीकाठी येऊन लेणे खोदवितो, याचा अर्थ घाटवाट आणि जलवाट यांची गाठ याच भागात पडत होती. एकोणिसाव्या शतकात पेणचेही हेच महत्त्व होते. बोरघाटातून उतरलेले बैलांचे तांडे पेणला येत, येथील मीठ वर जाई आणि भात अंतोरे बंदरातून मुंबईला जाई.

सोपाऱ्याशी मात्र आपले नाते अधिक जवळचे आहे. सन १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूप उघडला आणि या गावाचे प्राचीनत्व जगापुढे आले. अशोकाच्या शिलालेखांचे तुकडेही तेथे मिळाले आहेत. जैन साहित्यात सोपारा निराळ्या रंगाने येतो. उद्द्योतनसूरींनी सन ७७९ मध्ये जालोर येथे पूर्ण केलेल्या ‘कुवलयमाला’ या प्राकृत ग्रंथात सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांची एक बैठक वर्णिली आहे. बाहेरगावचा व्यापारी आला की स्थानिक व्यापारी त्याचा विडा-सुगंधाने सत्कार करीत आणि प्रत्येक जण आपण कोणता माल कोठे नेला व काय आणले, हे सांगत असे. कोणी कापड देऊन मोती आणले होते, तर कोणी रत्नद्वीपाला कडुनिंबाची पाने नेऊन रत्ने आणली होती. ज्याला आज आपण व्यापारी संघाची सभा म्हणू, तिचे हे साडेबाराशे वर्षांपूर्वीचे चित्र आहे. याच ग्रंथात निरनिराळ्या देशांचे व्यापारी आपापल्या बोलीत बोलतात आणि मरहट्ट व्यापाऱ्याच्या तोंडी दिले-घेतले या अर्थाचे शब्द आहेत. आपल्या मराठीची एक जुनी नोंद बाजारात झालेली आहे, याचा व्यापारी कुटुंबांना अभिमान वाटावयास हरकत नाही.

परंतु उद्द्योतनसूरी तेथे थांबत नाहीत. त्या बैठकीत रत्नद्वीपाचा नफा ऐकून लोभदेव नावाच्या व्यापाऱ्याचे मन चळते. ज्या भद्रश्रेष्ठीने त्याला सोपाऱ्यात आश्रय दिला, त्याच्याच भागीदारीत तो जहाज सजवतो. व्यापार उत्तम होतो. परतीच्या वाटेवर नफ्याचा अर्धा वाटा द्यावा लागू नये म्हणून लोभदेव त्या वृद्ध भागीदाराला समुद्रात ढकलतो. पुढे त्या जहाजाचाही नाश होतो. जहाज वादळाने बुडते हे सर्वांना ठाऊक असते. भागीदाराच्या नियतीत खोट आली की भरल्या मालासह बुडते, हे त्या आचार्यांना सांगावयाचे होते.

सोपाऱ्याची दुसरी कथा वज्रसेनसूरींची आहे आणि ती आपल्या घरांत परंपरेने सांगितली जाते. बारा वर्षांचा दुष्काळ पडला होता. जिनदत्त नावाच्या श्रावकाकडे द्रव्य होते, पण धान्य मिळेना. लाखमोलाचा भात शिजवून, त्यात विष कालवून सर्व कुटुंबाने जीवन संपवावे, असा विचार घरात झाला. त्याच वेळी वज्रसेनसूरी तेथे आले आणि उद्यापासून सुकाळ होईल, थांबा, असे त्यांनी सांगितले. दुसऱ्या दिवशी धान्याने भरलेली जहाजे बंदराला लागली. पुढे त्या घरातील चार पुत्रांनी दीक्षा घेतली आणि नागेंद्र, चंद्र, निवृत्ति व विद्याधर या चार कुलांची परंपरा त्यांच्यापासून चालू झाली. बंदर म्हणजे काय, हे याहून थोडक्यात सांगता येणार नाही. घरात सोने असून चूल विझण्याची वेळ येते, तेव्हा धान्याचे गलबत लागते ती जागा म्हणजे बंदर.

या साऱ्या वैभवाला भयाची किनार नेहमीच होती. आपल्या आजोबांच्या पिढीला समुद्रप्रवास ही मौज नव्हती. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट वादळात उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. रायगड जिल्ह्यातील कितीतरी घरांत त्या दिवसाची आठवण अजून आहे. पावसाळ्यात समुद्र बंद ठेवावा आणि नारळी पौर्णिमेनंतर उघडावा, हा दर्यावर्दी लोकांचा नियम भाबडेपणाचा नव्हता. चातुर्मासात विहार थांबविणाऱ्या आपल्या साधुसाध्वींचा आचार आणि कोळी-खारवी यांचा हा नियम पावसाळ्यापाशी कसे जुळतात, हे पाहण्यासारखे आहे. वाऱ्याची दिशा पाहून थांबणे त्यांना ठाऊक होते, जीवदया पाहून थांबणे आपल्याला.

आता तिसऱ्या प्रश्नाकडे येऊ, कारण तो सरळ आपल्या घराशी येऊन थांबतो. पेण आणि रोह्याची बंदरे बंद का पडली? भरतीच्या पाण्यावर कुंडलिकेतून रोह्यापर्यंत गलबते येत, धरमतरला मुंबईची आगबोट येत असे. मग खाडीत गाळ साचत गेला, रस्ते झाले, ट्रक आले, रेल्वे रोह्यापर्यंत पोहोचली आणि २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाल्यावर रोहे या मार्गाचा दरवाजा ठरले. जलवाट कोणी बंद केली नाही, तिची गरज उरली नाही. धरमतरच्या खाडीत कारखान्यांच्या मालाचे बार्ज आजही फिरतात. पेणच्या गणेशमूर्ती कंटेनरमधून जवाहरलाल नेहरू बंदरामार्गे परदेशी जातात. म्हणजे समुद्र दुरावला नाही, फक्त आपल्या दुकानाच्या मागच्या दारातून तो दिसेनासा झाला.

गाळ मात्र खाडीतच साचतो असे नाही, तो स्मरणातही साचतो. आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज गुजरात, कच्छ किंवा मारवाडातून येऊन येथे स्थिरावले. कोणाच्या पणजोबांनी भाताची खरेदी केली, कोणी मिठाची, कोणी कापड आणले. त्या व्यवहाराच्या वह्या कोठे आहेत? बहुतेक घरांत त्या माळ्यावर असतात आणि दिवाळीच्या साफसफाईत कधीतरी रद्दीत जातात. नव्या पिढीला महाजनी अक्षरे वाचता येत नाहीत, मोडीही वाचता येत नाही, म्हणून त्या वह्या निरुपयोगी वाटतात. व्हिएन्नाचा तो पपायरस तरी काय आहे? कोणा सावकाराचा कर्जरोखा आणि मालाची यादी. तो टिकला म्हणून दोन हजार वर्षांपूर्वीचा व्यापार आज कळतो. आपली वही फक्त साठ-सत्तर वर्षांची असली तरी तिच्यात गलबताचे भाडे आहे, तांडेलाचे नाव आहे, दुष्काळी वर्षाचा भाव आहे आणि वसूल न केलेली उधारी आहे. त्या शेवटच्या रकान्यात पूर्वजांच्या स्वभावाची जी ओळख होते, ती कोणत्याही छायाचित्रात होत नाही.

म्हणून क्रूझला जाणाऱ्या कुटुंबांना काही सुचवावेसे वाटते. चातुर्मास आणि पर्युषण टाळावयाचे असेल तर भूमध्य सफरीसाठी एप्रिल ते जूनचा काळ सोयीचा आहे. उन्हाळ्यात तेथे सूर्य रात्री आठच्या पुढे मावळत असल्याने चौविहार पाळणाऱ्यांना धावपळ होत नाही. कंदमूळविरहित भोजनाची मागणी आरक्षणाच्या वेळीच लेखी द्यावी. युरोपातून तुर्कस्तानात जाऊन पुन्हा युरोपात येणारी सफर असेल तर शेंगेन व्हिसा अनेक प्रवेशांचा घ्यावा आणि तुर्कस्तानचा व्हिसा वेगळा पाहावा. एका बंदरात आठ-दहा तासच मिळतात, तेव्हा पाच स्थळांची धावती भेट घेण्यापेक्षा एकच स्थळ नीट पाहावे. जहाजावरचा जुगाराचा मजला ओलांडून जाणे आपल्या हाती आहे.

देशातच जावयाचे असेल तर २०२१ पासून मुंबईहून गोवा, कोची आणि लक्षद्वीपकडे क्रूझ जहाजे जाऊ लागली आहेत. कोचीला जहाज थांबले तर मट्टनचेरीतील श्री धर्मनाथ भगवंतांचे मंदिर चुकवू नये. मसाल्याच्या व्यापारासाठी गेलेल्या गुजराती जैन कुटुंबांनी ते सन १९०४ मध्ये बांधले. सन १३४१ च्या पुराने पेरियार नदीचे मुख बदलले, मुझिरिस मागे पडले आणि कोची पुढे आले, असे मानले जाते. ज्या बंदराचा करार व्हिएन्नात आहे, त्याच्या वारसदार बंदरात आपले मंदिर आहे.

आणि या सर्वांच्या आधी एक रविवार घरच्या समुद्रासाठी ठेवावा. पेणहून मुंबईला जाऊन भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने मोटारीसह मांडव्याला उतरावे. तासाभराचा हा जलप्रवास २०२० पासून सुरू आहे. पुढे अलिबागवरून चौल, रेवदंडा आणि कोर्लई पाहून, साळाव-चणेरा मार्गे कुंडलिकेच्या काठाने रोह्यास परतावे. वाटेत मुलांना ते तीनच प्रश्न विचारावेत. माल कोणता? उधारी कोणाच्या शब्दावर? आणि बंदर बंद का पडले?

यंदाच्या लक्ष्मीपूजनापूर्वी माळ्यावरची एक जुनी वही खाली काढावी, घरातील सर्वांत वडील व्यक्तीच्या हाती द्यावी आणि ती वाचत असताना शेजारी कोणीतरी लिहून घ्यावे. तांडेलांची आणि बंदरांची नावे ओळखू शकणारी माणसे आता प्रत्येक गावात मोजकीच उरली आहेत. क्रूझचे आरक्षण पुढील वर्षीही मिळेल.

जय जिनेंद्र.